मदत हवी आहे: देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी लाटांचा अंदाज कुठल्या अ‍ॅपचा खरा मानायचा?

कर्लीकाठ: लवकर सांगा, उद्या पहाटे निघायचंय. परवा अ‍ॅपवर लाट १.१ मीटर, वारा ८ नॉट. मालवणचा मित्र तेवढ्यावर निवांत जाळी मारून आला. आम्ही मुखातून बाहेर पडताना एकामागोमाग तीन लाटा अंगावर फुटल्या. होडीची नाळ (पुढचं टोक) उभी राहिली, बर्फाची पेटी गेली, काका पडता पडता वाचले. दोन्ही अ‍ॅपवर तोच आकडा. बरोबर सांगणारं अ‍ॅप कोणतं?

वाऱ्यामागे: होडी केवढी? किती वाजता? अ‍ॅपवर स्वेलखाली, म्हणजे दुरून येणाऱ्या लाटेखाली, दोन लाटांमधले सेकंद किती होते?

तांडेल६१: आदी माका सांग, सुकती होती की भरती?

कर्लीकाठ: पहाटे चार. २४ फुटी फायबर. सेकंद १३. भरतीचं लक्षात नाही, पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते.

इंजिनवाला: आधी ४० हॉर्सपॉवर बसव. मी बसवल्यापासून एकदाही अडकलो नाही.

तांडेल६१: मोठा मशीन लायलंस म्हणान लाट बारीक होणा नाय. द्वितीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ गावता, दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती पूर्ण, म्हणजे चारांक सुकती ऐन जोरात. नदीचा पाणी भायर, लाट आत. थंयच ती उभी रवता.

वाऱ्यामागे: काका बरोबर आहेत. त्यात १३ सेकंदांची लाट इथल्या वाऱ्याची नव्हेच, ती दक्षिण महासागराकडून येते. खोल पाण्यात अंगाखालून जाते, कळतही नाही. वाळूच्या दांड्यावर आली की फुटते. अ‍ॅपमागची काही मॉडेलं २५ किलोमीटरच्या चौकोनाला एकच आकडा देतात. मालवण आणि देवबाग एकाच चौकोनात, दांडा त्यात दिसतच नाही. शिवाय १.१ ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी दुप्पटही येते.

फिरस्ती: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या रविवारी चालू असतात का? मुलं बरोबर आहेत.

चीफमेट: क्रोएशियाच्या किनाऱ्यावर हेच वाऱ्याचं होतं. वेलेबिट डोंगरावरून बोरा वारा खाली कोसळतो. मोठ्या चौकोनाचं मॉडेल डोंगर बुटका धरतं आणि वारा कमी सांगतं. तुमच्याकडेही पहाटे खोऱ्यातून मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा उतरतो, ते ८ नॉट डोळे मिटून धरू नका.

कर्लीकाठ: मतलई होता, पण मंद. मग उद्या कधी निघू?

तांडेल६१: उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. साडेतीनाक मुख सोड.

वाऱ्यामागे: काका, इथे मात्र पटत नाही. तो हिशेब मुंबईकडे जुळतो, मालवणला भरती आधी येते. भरतीचं कोष्टक बघ आणि तीनच्या आत मुख पार कर. हैदराबादच्या इन्कॉइसची (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) छोट्या होड्यांसाठीची सल्लासेवाही बघ, होडी कलंडण्याचा धोका त्यात कळतो. पण तो आकडा बाहेरच्या समुद्राचा धर, मुखाचा नको.

तांडेल६१: चाळीस वर्षां ह्याच हिशेबान गेलंय. पण लवकर गेलंस तर नुकसान नाय, जा.

कर्लीकाठ: आणि परत येताना? नऊला तर सुकतीच असेल.

तांडेल६१: पाणी फिरापर्यंत भायरच रव. मासळी खराब होईत असा वाटला तर मालवणात उतर. आणि काकाक जॅकेट घाल.