बेगम पारा यांची कारकीर्द इतक्या लवकर का संपली?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमचे आजोबा कापूस विकायला अमरावतीला जात आणि परतताना सिनेमाची मासिके आणत. दिवाळीपूर्वी माळा झाडताना त्यांच्या पेटीत बेगम पारा यांचे छायाचित्र सापडले. एवढी धीट नजर असलेली ही अभिनेत्री पुढे दिसेनाशी का झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वर्धा):
त्यांचे पदार्पण 1944 मध्ये ‘प्रभात’च्या ‘चाँद’मधून झाले आणि 1947 च्या ‘नीलकमल’मध्ये त्या राज कपूर व मधुबाला यांच्यासोबत होत्या. मात्र 1951 मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी जेम्स बर्क यांनी त्यांची जी छायाचित्रे टिपली, त्यांनी मिळालेली कीर्ती इतकी मोठी ठरली की अभिनय मागे पडला आणि कोरियातील अमेरिकन सैनिकही ती छायाचित्रे जवळ बाळगत, असे सांगितले जाते. पुढे दिलीपकुमार यांचे बंधू नासिर खान यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी चित्रपट सोडले. माझ्या मते निर्मात्यांनी त्यांना केवळ मोहक स्त्रीच्या साच्यात बसवले, हा खरा अन्याय होय.

उत्तर (मेहकर, जि. बुलढाणा):
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. 2007 मध्ये ‘सावरिया’त त्या नायिकेची आजी म्हणून पुन्हा पडद्यावर आल्या आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात निवर्तल्या. आणि आजोबांचा तो कागद कृपया प्लास्टिकमध्ये कोंडू नका, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला ओल धरते. कोऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावा.