स्पॅनिश भाषकांचे इंग्रजी : चुका येतात कुठून आणि आधी कोणत्या सुधाराव्यात?

रावपुरा_शिक्षिका

नमस्कार. मी वडोदऱ्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आजवर माझ्याकडे मराठी आणि गुजराती घरांतली मुले येत असत. त्यांच्या चुकांचे मूळ वेगळे शोधावे लागत नाही, कारण त्या दोन्ही भाषा माझ्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. अलीकडे मात्र मेक्सिको आणि कोलंबिया येथील काही प्रौढ विद्यार्थी ऑनलाइन शिकू लागले आहेत. सकाळी साडेसहाला मी वर्ग सुरू करते तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मंडळी दिवसभराचे काम आटोपून बसलेली असतात, शिकण्याची तळमळ मोठी असते, आणि प्रत्येक चुकीवर बोट ठेवत गेले तर त्यांचे बोलणेच खुंटते.

एका विद्यार्थिनीने स्वतःची ओळख करून देणारा परिच्छेद लिहून पाठवला आहे. तिच्या परवानगीने तो देवनागरीत जसाच्या तसा देते :

"आय हॅव थर्टी टू इयर्स. आय लिव्ह इन पुएब्ला सिन्स फाइव्ह इयर्स. इज अ सिटी व्हेरी ब्यूटिफुल अँड द पीपल इज काइंड. माय सिस्टर इज नर्स, अ‍ॅक्चुअली शी वर्क्स इन अ हॉस्पिटल. आय लाइक द म्युझिक."

अशीच वाक्ये थोड्याफार फरकाने सगळेच लिहितात. तेव्हा हा कुणा एकीचा निष्काळजीपणा नव्हे, याच्या मुळाशी स्पॅनिशची घडण आहे, एवढे माझ्या लक्षात आले आहे. मला स्पॅनिश येत नाही. ज्यांना येते त्यांनी कृपया सांगावे की या प्रत्येक चुकीमागे कोणते स्पॅनिश वाक्य आहे आणि यांपैकी कोणत्या चुकांना आधी हात घालावा. कोलंबियातील दोन विद्यार्थिनींना परिचारिका म्हणून परदेशी जायचे आहे, म्हणून हा प्रश्न मला विशेष निकडीचा वाटतो.

मांजलपूरकर

आपण परिच्छेद जसाच्या तसा दिलात हे फार बरे केले, कारण स्पॅनिश भाषकांच्या नेहमीच्या चुकांपैकी निम्म्याअधिक चुका त्यात आल्या आहेत. मी स्पॅनिश शिकलो आहे आणि काही काळ शिकवलीही आहे, त्या आधारे लिहितो.

पहिल्या वाक्यामागे 'तेंगो त्रेइन्ता इ दोस आन्योस' हे वाक्य आहे. स्पॅनिशमध्ये वय 'असते' असे म्हणत नाहीत, ते माणसाच्या जवळ असते. भूक, तहान, झोप, थंडी, भीती हीसुद्धा तशीच जवळ असतात. त्यामुळे 'आय हॅव हंगर', 'आय हॅव कोल्ड' ही वाक्ये आपल्याला वारंवार ऐकू येतील. त्यातही 'आय हॅव कोल्ड' म्हणणाऱ्याला थंडी वाजते आहे की सर्दी झाली आहे, याचा उलगडा प्रत्येक वेळी विचारून करून घ्यावा लागतो. या सगळ्यांचा एकच गट करून 'तेंगो आले की इंग्रजीत बहुधा अ‍ॅम' असे एकदा पक्के करून दिले, तर सुटी सुटी वाक्ये सुधारत बसण्याची गरज राहत नाही.

'इज अ सिटी' या वाक्यात कर्ता गाळलेला आहे. स्पॅनिश क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो : 'बिबो' म्हणजे मी राहतो, 'बिबेस' म्हणजे तू राहतोस. आपणही 'उद्या येतो', 'जेवलीस का?' असेच बोलतो, तरीही आपली मुले इंग्रजीत कर्ता फारसा विसरत नाहीत. स्पॅनिश भाषकांची अडचण एक पायरी पुढची आहे. आपल्याकडे पाऊस पडतो, म्हणजे पडणारा कुणीतरी असतो. स्पॅनिशमध्ये 'युएबे' या एकाच क्रियापदात सगळे संपते आणि तिथे कर्ता मुळातच नसतो. म्हणून 'इज रेनिंग', 'इज इम्पॉर्टंट', 'इज लेट' ही वाक्ये त्यांना पूर्ण वाटतात. इंग्रजीतील 'इट' कुणाकडेही बोट दाखवत नाही, ते केवळ कर्त्याची जागा भरते, हे त्यांना सावकाश समजावून सांगावे लागते आणि तरीही ही सवय लवकर जात नाही.

'सिटी व्हेरी ब्यूटिफुल' ही चूक विशेषण नामाच्या मागून येत असल्यामुळे होते. शिवाय स्पॅनिश विशेषणाला वचन आणि लिंग असते, म्हणून 'व्हाइट्स हाउसेस' असेही लिहितात. 'पीपल इज' यामागे 'ला हेन्ते एस' आहे. तो शब्द तिकडे एकवचनी आहे. 'सिस्टर इज नर्स' म्हणण्याचे कारण असे की स्पॅनिशमध्ये व्यवसाय सांगताना उपपद लागत नाही. उलट 'द म्युझिक' मध्ये उपपद शिरले, कारण एखाद्या गोष्टीविषयी सर्वसाधारणपणे बोलताना तिकडे ते लागतेच.

आता क्रमाविषयी. माझ्या मते ज्या चुकीमुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो तिला आधी हात घालावा, ज्या चुकीमुळे वाक्य लंगडते तिला नंतर, आणि उपपदांचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. 'द म्युझिक' ऐकून कुणाचेही नुकसान होत नाही. या परिच्छेदात सर्वांत धोक्याचा शब्द 'अ‍ॅक्चुअली' हा आहे आणि तो चूक म्हणून चटकन नजरेत भरत नाही. विद्यार्थिनीच्या मनात 'आक्तुआल्मेन्ते' आहे, त्याचा अर्थ 'सध्या'. तिला सांगायचे आहे की बहीण सध्या रुग्णालयात काम करते. इंग्रजी वाचणारा मात्र 'खरे तर' असे वाचतो आणि आधीच्या विधानात काही खोट होती की काय, असा विचार करू लागतो.

फतेहगंज_वाचक

वरील उत्तरात 'सिन्स फाइव्ह इयर्स' राहून गेले आहे. नेमक्या त्याच चुकीबद्दल लिहावेसे वाटते, कारण ती आपलीही आहे. 'मी पाच वर्षांपासून इथे राहते' हे मराठी वाक्य आणि स्पॅनिशमधील वाक्य यांची घडण सारखीच आहे : दोन्हीकडे क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि कालावधीला 'पासून' या अर्थाचा शब्द जोडलेला आहे. गुजरातीतही तसेच म्हणतात. त्यामुळे 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य वडोदऱ्याच्या कानाला खटकत नाही, मग ते मेक्सिकोच्या विद्यार्थिनीने म्हटलेले असो की आपल्या शेजाऱ्यांनी.

म्हणून जिथे मराठी आणि स्पॅनिश एकाच वाटेने जातात आणि इंग्रजी वेगळ्या वाटेने, तिथे आपल्या शिक्षकांनी अधिक सावध राहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. 'एक्सप्लेन मी', 'अ‍ॅडव्हाइसेस', 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स' ही सगळी त्याच कुळातली आहेत. 'मेक' आणि 'डू' यांचा घोळही तसाच आहे. त्यांच्याकडे दोन्हींसाठी एकटे 'आसेर' आहे, आपल्याकडे 'करणे' आहे. या चुका पकडण्यासाठी कानावर विसंबून चालत नाही, लेखी यादीच समोर ठेवावी लागते. मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो, तिच्या सुरुवातीच्या बिंदूवर 'सिन्स' लिहितो आणि रेघेच्या लांबीवर 'फॉर'. स्पॅनिश भाषकांना त्यानंतर 'हॅव लिव्ह्ड' वेगळे शिकवावे लागते, कारण केवळ 'फॉर' घातल्याने क्रियापद आपोआप बदलत नाही.

अलकापुरी_लेखनिक

मी अमेरिकेतील रुग्णालयांच्या वैद्यकीय नोंदी लिहिण्याचे काम करतो. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींचा उल्लेख वाचला म्हणून केवळ शब्दांपुरते लिहितो.

'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती, ओशाळलेली नव्हे. हा शब्द बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो, त्यामुळे त्याची धास्ती विद्यार्थ्यांना आधीच असते. 'कोन्स्तिपादो' अधिक अवघड आहे : स्पेनमध्ये त्याचा अर्थ सर्दी झालेला, तर लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत बद्धकोष्ठ असलेला, असा होतो. म्हणजे बोलणारा कुठला आहे हे ठाऊक असल्याशिवाय अर्थ लावताच येत नाही. 'मोलेस्तार' म्हणजे नुसता त्रास देणे. तो इंग्रजीत तसाच नेला तर लैंगिक अत्याचाराचा आरोप होतो. 'सेन्सिब्ले' म्हणजे हळवा किंवा संवेदनशील, समंजस नव्हे. 'आसिस्तिर' म्हणजे हजर राहणे. 'दिस्कुतिर' मध्ये बहुधा वादाची छटा असते. 'प्रेतेन्देर' म्हणजे एखादी गोष्ट करू पाहणे, सोंग आणणे नव्हे.

या सर्वांत 'इन्तोक्सिकादो' हा शब्द मी आवर्जून शिकवायला सांगेन. १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. क्यूबन वंशाच्या कुटुंबाला सांगायचे होते की त्याला काहीतरी बाधले आहे, खाण्यातून विषबाधा झाली असावी. त्यांच्या तोंडचा 'इन्तोक्सिकादो' हा शब्द अमली पदार्थांच्या नशेत असलेला या अर्थाने घेतला गेला आणि उपचार त्याच दिशेने झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वेळेवर ओळखला गेला नाही आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्या प्रकरणात झालेल्या तडजोडीची रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर इतकी सांगितली जाते. त्या दिवशी तिथे व्यावसायिक दुभाषा नव्हता. रुग्णाचा शब्द जसाचा तसा इंग्रजीत न उचलता 'काय खाल्ले, केव्हा, पुढे काय झाले' असे तीन प्रश्न विचारायची सवय आपल्या विद्यार्थिनींना लागली, तर ती व्याकरणाच्या कोणत्याही धड्याहून मोलाची ठरेल.

मकरपुरा_निर्यात

एक छोटी भर घालतो. आमच्या कामात लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांशी पत्रव्यवहार असतो आणि तिथे घोळ होतो तो आकड्यांचा. स्पॅनिशमधील 'बियोन' आणि इंग्रजीतील 'बिलियन' एक नव्हेत. बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. बियोन म्हणजे एक लाख कोटी, अर्थात हजारपट. अब्जाला ते 'मिल मियोनेस' म्हणतात. तसेच स्पेन, कोलंबिया, अर्जेंटिना येथे दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम लिहितात, मेक्सिकोत मात्र आपल्यासारखा टिंब. औषधाच्या मात्रेचा आकडा लिहिताना कोलंबियाच्या विद्यार्थिनींना हे आधीच सांगून ठेवावे.

रावपुरा_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. 'अ‍ॅक्चुअली'चा खुलासा वाचून आधीची कितीतरी वाक्ये आता उलगडली. मांजलपूरकर, आणखी दोन गोष्टी विचारते. मराठीचा या विद्यार्थ्यांना शिकवताना काही उपयोग होतो का, की ती केवळ अडथळाच ठरते? आणि 'एस्कूल', 'बेरी गुड' या उच्चारांचे काय करावे?

मांजलपूरकर

मराठीचा उपयोग होतो, आणि तो बराच होतो, फक्त तो विद्यार्थ्याला थेट दिसत नाही, शिक्षकाला होतो. 'मे गुस्ता ला मुसिका' हे वाक्य इंग्रज शिक्षकाला उलटे वाटते, आपल्याला ते 'मला संगीत आवडते' इतके सरळ वाटते. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की आपल्याकडे 'आवडतात' होते, तिकडे 'गुस्तान' होते. म्हणून एखादा नवखा विद्यार्थी 'द म्युझिक लाइक्स मी' असे म्हणाला, तर तो काय करतो आहे हे मराठी माणसाला तत्काळ कळावे. आणखी एक साम्य मला फार मोलाचे वाटते. आपण 'मी घर पाहिले' म्हणतो, पण 'मी बहिणीला पाहिले' असे म्हणतो. कर्म माणूस असले की 'ला' येतो. स्पॅनिशमध्येही नेमके तिथेच 'आ' येते. त्यामुळे 'आय सॉ टू माय सिस्टर' असे वाक्य आले तर त्यातला आगंतुक 'टू' कुठून आला हे शोधायला आपल्याला व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागणार नाही.

'हिज' आणि 'हर' यांची अदलाबदल मात्र मराठीच्या आधारे समजत नाही, कारण आपल्याकडे 'त्याचा' आणि 'तिचा' वेगळे आहेत. त्यांच्याकडे त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरार्थी आपला या सर्वांसाठी एकच 'सु' आहे.

उच्चारांपैकी 'एस्कूल' आपल्याला नवा नाही. 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' हिंदी भाषकांकडून आपण सर्रास ऐकतो. स्पॅनिशमध्ये 'स' आणि लगेच दुसरे व्यंजन अशी शब्दाची सुरुवातच होत नाही, 'एस्कुएला', 'एस्तासिओन' असाच शब्द असतो. विद्यार्थ्याला आधी नुसता 'स्स्स' लांबवायला सांगावे आणि तो न तोडता 'कूल' जोडायला लावावे. स्वरांचा प्रश्न गुजराती मुलांसारखाच आहे. गुजरातीत ऱ्हस्व-दीर्घ 'इ' लिहिण्यापुरती वेगळी असते, बोलण्यात नाही. स्पॅनिशमध्ये तर पाचच स्वर आहेत. म्हणून 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'शिप' आणि 'शीप' यांच्या जोड्या आपण गुजराती मुलांकडून जशा घोटून घेत असाल तशाच इथेही घ्याव्यात. 'ब' आणि 'व' मध्ये त्यांची लिपी भेद करते, कान करत नाही. तेव्हा वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत, असा नियम ठेवावा.

सर्वांत चिवट आहे तो भूतकाळाचा शेवट. 'वर्क्ट' हे एका झटक्यात म्हणण्याऐवजी ते 'वर्केड' म्हणतात, नाहीतर शेवटचा 'ट' गिळून 'वर्क' एवढेच ठेवतात. दुसरा प्रकार लिहिताना दिसत नाही, फक्त बोलताना होतो, आणि रुग्णाला दुखणे आहे की होते, औषध देतात की दिले, हा फरक तिथेच पुसला जातो. आपल्या कोलंबियाच्या विद्यार्थिनींकडून पाळी बदलताना द्यायचा तोंडी अहवाल रोज पाच मिनिटे म्हणवून घ्यावा, आणि तेवढ्या वेळात भूतकाळाखेरीज दुसरी कोणतीही चूक दाखवू नये.