इंग्लंडमध्ये जीपी सर्जरी कशी निवडायची? दोन्हीकडे 'गुड' लिहिलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही लेस्टरहून नॉटिंगहॅमला शिफ्ट झालो. सामान लागलं, लेकाची शाळा सुरू झाली, आता जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) तेवढा राहिलाय आणि तिथेच गाडी अडलीये. (सर्जरी म्हणजे दवाखाना हे पचायलाच मला वेळ लागला होता. पहिल्या वर्षी आईला फोनवर सहज म्हटलं आत्ताच सर्जरीतून आले, तर तिकडे रडारड, कसली सर्जरी, आम्हाला कळवलं का नाही!)

तर आमच्या पोस्टकोडला दोन सर्जऱ्या पडतात. एक चालत सहा मिनिटांवर, मोठी, बोर्डावर दहा-बारा डॉक्टरांची नावं. दुसरी बसने वीस मिनिटं, जुन्या घरात थाटलेली, दोनच डॉक्टर. सीक्यूसीचं (दवाखाने तपासणारी सरकारी संस्था) रेटिंग बघायला गेले तर दोन्ही 'गुड'. आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट आणि इनअ‍ॅडिक्वेट अशा चारच पायऱ्या आहेत, आणि दोघींना एकच शेरा असल्यावर निवडायचं कशावरून? त्यात मोठीचा रिपोर्ट २०१९ चा, म्हणजे तेव्हाचे डॉक्टर आता तिथे आहेत की नाहीत देव जाणे.

माझं खरं दुखणं असं की लेकाला (वय ७) अस्थमा आहे. जुन्या सर्जरीत एका हिवाळ्यात चारदा गेलो आणि चारही वेळा डॉक्टर वेगळा. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट, त्यातली सहा मिनिटं मी पहिल्यापासून रामायण सांगण्यात घालवायची, मग छाती तपासायची, डोसचं काहीतरी बघायचं, चला घरी. चौथ्या खेपेला एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या लेकाला म्हणाल्या पंप कसा घेतोस ते मला दाखव बरं. त्याने दाखवला. तर पठ्ठ्या स्पेसरला (पंपाला जोडायची नळी) ओठ नीट लावतच नव्हता, औषध कडेने बाहेर. आधीच्या तिघांनी पंप घेऊन दाखव असं म्हटलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी त्याच बाई मागितल्या तर म्हणे त्या लोकम (तात्पुरत्या बदली डॉक्टर) होत्या, गेल्या.

आणि तो सकाळी ८ चा फोन! ७:५९ ला लावला तर सर्जरी बंद आहे अशी टेप, ८ ला लावला तर रांगेत ३४ वा नंबर, चहा आटून गेला, २७ मिनिटांनी कळलं आजच्या संपल्या, उद्या आठला करा.

अजून दोन गोष्टी. मोठ्या सर्जरीत फॉर्म मागायला गेले तर पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा आणा म्हणाले, आणि आमची सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर. आणि मे महिन्यात आई येतेय पाच महिन्यांसाठी, तिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, तिला जीपी बघतात का? तोच तोच डॉक्टर मिळेल अशी सर्जरी बाहेरून ओळखायची कशी, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद १:
अगं, कागद नाहीत म्हणून नाव नोंदवायचं नाकारता येत नाही, एनएचएसचा (इथली सरकारी आरोग्यसेवा) नियमच आहे तसा. पुरावा मागतील, पण तो नसला तरी नोंदवून घ्यावं लागतं. नव्या पेशंटसाठी यादी बंद असेल किंवा तू त्यांच्या हद्दीबाहेर राहत असशील तर नाही म्हणू शकतात, तेही कारण लेखी देऊन. सरळ ऑनलाइन भर. जुन्या सर्जरीला कळवायची गरज नाही, रेकॉर्ड आपोआप येतं. आईंचीही नोंदणी होते, जीपीला दाखवायला व्हिजिटरलाही पैसे पडत नाहीत. पण हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं तर बिल येतं आणि ते एनएचएसच्या दराच्या १५० टक्के, तेव्हा इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसवू नकोस.

प्रतिसाद २:
मी दोन वर्षं एका सर्जरीत रिसेप्शनला होते, म्हणून सांगते. सीक्यूसीपेक्षा जीपी पेशंट सर्व्हे बघा, दरवर्षी निघतो, सर्जरीचं नाव टाकलं की आकडे दिसतात. त्यात फोन सहज लागतो का आणि आपल्याला हव्या त्या डॉक्टरला भेटता येतं का हे वेगवेगळं विचारलेलं असतं, तुमचं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे. मग दुपारी, गर्दी नसताना, जाऊन विचारा की मुलांचा अस्थमा रिव्ह्यू (नियमित तपासणी) कोण करतं. बहुतेक ठिकाणी नर्स करते आणि ती वर्षानुवर्षं तीच असते, डॉक्टरपेक्षा तिचा जास्त उपयोग होईल तुम्हाला. आणि डॉक्टर कुठल्या वारी असतात तेही विचारा. नाव बोर्डावर असतं आणि माणूस आठवड्यातून दोन दिवस येतो, हे आम्ही आपणहून कधी सांगायचो नाही :)
आठच्या फोनचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार ८ ते ६:३० चालू ठेवणं सक्तीचं केलंय. अर्जंट नसेल तर तिथूनच टाका.

प्रतिसाद ३:
धाप लागलेल्या पोराला घेऊन वीस मिनिटं बस? मी तरी जवळची घेतली असती.

प्रतिसाद २ (पुन्हा):
धाप लागली आणि पंपाने उतरली नाही तर जीपीकडे जायचंच नसतं हो, ९९९ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. जीपी असतो तो तशी वेळ येऊ नये म्हणून.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सर्व्हे बघितला, हव्या त्या डॉक्टरच्या आकड्यात लहान सर्जरी बरीच पुढे आहे. सोमवारी मुद्दाम आठला दोन्हीकडे फोन लावून पाहिला, मोठीकडे २२ वा नंबर आणि लहानीकडे तिसऱ्या रिंगला एका बाईंनी उचलला. अस्थमाचं विचारलं तर नर्सचं नाव सांगून म्हणाल्या, येताना पंप आणि स्पेसर दोन्ही घेऊन या, ती आधी घेऊन दाखवायला लावते. तिथेच फॉर्म भरला. बसचा पास काढते आता.
एकच शेवटचं, आईच्या गोळ्यांची तिकडची ब्रँडची नावं इथे कुणाला कळणार नाहीत ना? मूळ औषधाचं नाव आणि डोस तिकडच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं की पुरेल, की जुने रिपोर्टही लागतील?