एक महिना इटली, फक्त रेल्वेने : तुमचे बेत आणि तुमचे घोळ (अनुभव धागा)

सोलापुरी_चादर

पुतणी इटलीला निघालीय, म्हणून काल माळ्यावरची मोठी बॅग काढली. आतल्या कप्प्यात एक पावती निघाली. दंडाची. तिकडच्या रेल्वेची, सप्टेंबर २०१८ ची. दंड भरला कोणी? मध्य रेल्वेत एकतीस वर्षं टीसी म्हणून नोकरी केलेल्या माझ्या नवऱ्याने!

तिकीट होतं हो. रांगेत उभं राहून, पैसे मोजून काढलेलं. फ्लोरेन्सहून लुक्काला जायचं होतं, साधी पॅसेंजर गाडी, तिला ते रेजिओनाले म्हणतात. त्या कागदी तिकिटाला बसण्याआधी फलाटावरच्या डब्यात खुपसून तारीख-वेळेचा ठसा घ्यावा लागतो. तो नसेल तर तेच तिकीट तुम्ही उद्याही वापराल, असा हिशेब. मी वहीत लिहून ठेवलं होतं, लाल शाईने. पण गाडी सुटायला दोन मिनिटं असताना वही कोण उघडतंय! गाडीत तिकडची टीसीण आली, तिकीट उलटंसुलटं केलं आणि हसून पावतीपुस्तक काढलं. मी हातवारे करून भांडायच्या तयारीत. हे मला म्हणाले, "गप बस. मी आयुष्यभर हेच ऐकलंय, साहेब माहीत नव्हतं, साहेब घाईत होतो." यांनी मुकाट्याने पैसे दिले, पावती मागून घेतली आणि लुक्का येईपर्यंत हे तीच वाचत बसले. भाषा येत नसताना.

लुक्काला गावाभोवती जुना तट आहे, चार किलोमीटरचा, वरून झाडांखालून चालता येतं. तिथेही अर्धा वेळ त्या बाईंच्या पावती फाडण्याच्या पद्धतीचं कौतुक.

महिनाभराचा बेत मी तीन महिने आखत होते. पहिल्या खर्ड्यात चौदा गावं होती. यांनी वही पाहिली आणि विचारलं, "फिरायला चाललोय की बदलीवर?" मग पाच मुक्काम ठरले : मिलान, बोलोन्या, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स. बाकी सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बॅगा खोलीवर. बोलोन्यात आठवडाभर राहिलो, त्याला सगळे हसले होते, "तिथे काय आहे?" तिथे स्टेशन आहे! मोदेना पंचवीस मिनिटं, फेरारा अर्धा तास, रावेन्ना सव्वा तास, आणि या गाड्यांना आरक्षणाची कटकट नाही, भाडंही ठरलेलं.

त्याच स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ आहे, दहा पंचवीसला थांबवलेलं. २ ऑगस्ट १९८० ला तिथे वेटिंग रूममध्ये बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. आत भिंतीवर नावं आहेत. हे तिथे बराच वेळ उभे होते. २००६ च्या जुलैत लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा यांची ड्युटी मुंबईत होती. त्यावर ते कधी बोलत नाहीत, मीही विचारलं नाही.

असो. पुतणीसाठी विचारतेय. रेल्वेने इटली फिरलेल्यांनी बेत कसा आखला, कुठे फसलात ते लिहा.

रुमाल_टाकला

रुमाल टाकून ठेवतो. कुकर लावलाय, आलोच.

मी_डोंबिवलीचा

टीसीला दंड 😂😂 काकू, ही पावती फ्रेम करा.

माझा घोळ सांगतो. व्हेनिस. गाडीत 'वेनेत्सिया' ऐकू आलं आणि डोंबिवलीच्या सवयीने आम्ही दाराशी उभे! बॅगा, बायको, पोरगं, सगळे खाली. ते निघालं वेनेत्सिया मेस्त्रे. म्हणजे खाडीच्या अलीकडचं. ठाण्याला जायचं आणि मुंब्र्याला उतरलात, असं समजा. हवं असतं ते सान्ता लुचिया, पुढचं आणि शेवटचं. तिथली गाडी लगेच मिळाली, दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण तो समुद्रावरच्या पुलावरून! मुलगा म्हणाला, बाबा, बरं झालं चुकलो, दोनदा गाडीत बसायला मिळालं.

चाकाच्या मोठ्या बॅगा व्हेनिसला नेऊ नका. चारशेच्या वर पूल आहेत, आणि बहुतेकांना पायऱ्या. मी एका पुलाच्या मध्यावर बसून घेतलं होतं.

सुटकेस२३

काकू, मी पुढच्या मे महिन्यात जातेय, ३१ दिवस. एक्सेल तयार आहे. मिलान, कोमो, वेरोना, व्हेनिस, पादोवा, बोलोन्या, फ्लोरेन्स, सिएना, पिसा, चिंक्वे तेर्रे, रोम, ओर्व्हिएतो, नेपल्स, सोरेन्तो, मातेरा, बारी, पालेर्मो. सतरा. जास्त होतंय का?

मी_डोंबिवलीचा

काकांची बदली ऑर्डर हिला फॉरवर्ड करा.

आडवाटेची_एसटी

@सुटकेस२३ सतरा गावं म्हणजे सतरा वेळा बॅग भरणं, सतरा वेळा खोलीची किल्ली. शिवाय बऱ्याच शहरांत प्रत्येक माणसामागे प्रत्येक रात्रीचा मुक्काम-कर वेगळा असतो, तो पुष्कळदा हॉटेलवर रोख मागतात. कोमो मिलानहून, पादोवा व्हेनिसहून, ओर्व्हिएतो रोमहून करून परत येता येतं. सिएनाला फ्लोरेन्सहून बस घे, ती गावात सोडते. रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे.

वेगवान गाड्यांची तिकिटं तीन-चार महिने आधी पाहायला लाग. लवकर काढलं तर अक्षरशः निम्म्यात. पण सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे वाचून मग बटण दाब. मी नाही वाचलं. रोम-फ्लोरेन्स चुकीच्या तारखेचं काढलं आणि पुन्हा काढलं.

आलेपाक

जेवणावर कोणीच लिहिलं नाही अजून?? आम्ही दोघे शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या. घरून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं. जेनोव्हाला स्टेशनातून बाहेर पडलो, एका भट्टीवाल्याकडे मोठ्या तांब्याच्या परातीत पिवळंधमक काहीतरी. फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. सासूबाईंनी घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं हे तर धिरडं!" तीन दिवस दोन वेळा तेच. पालेर्मोत तर चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, पानेल्ले. वडापावाची मावसबहीणच.

अस्सल पार्मेजान चीज कडक शाकाहाऱ्यांना चालत नाही, त्यात वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. पिझ्झा मरिनारावर चीज नसतंच, पण लसूण असतो. त्यामुळे सासूबाईंची पंचाईत, त्यांच्यासाठी नुसता टोमॅटोचा करून घेत होतो. करून देतात बिचारे, तोंड वाकडं करून.

रुमाल_टाकला

आलो. भात लागला थोडा.

संपाचं कोणी सांगा हिला. शोपेरो, म्हणजे संप, हा शब्द पाठ कर, गणपती स्तोत्रासारखा. आमच्या तेवीस दिवसांत दोन झाले. गंमत म्हणजे संपाची तारीख आधी जाहीर करतात, त्यामुळे चिडताही येत नाही नीट. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. आम्हाला हे कळलं नऊ वाजून दहा मिनिटांनी. दिवसभर नेपल्सच्या स्टेशनावर. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला पत्ते शिकवले, भाषा शून्य. हरलो.

खिडकीची_जागा

अवांतर : काकू, काका सोलापूर विभागात होते का? माझे वडील कुर्डुवाडीला होते. तेव्हा बार्शी लाइट नॅरोगेज होती.

सोलापुरी_चादर

हो हो! कुर्डुवाडीलाच सहा वर्षं क्वार्टरमध्ये होतो. वडिलांचं खातं कोणतं? हे शेजारीच बसलेत, लगेच चष्मा घातला.

खिडकीची_जागा

लोको, म्हणजे इंजिनांचं. निरोप देते त्यांना. बाबांना मी बारीहून मातेराला नेलं होतं, तीही छोट्या गेजची लाइन, दोन-तीन डब्यांची गाडी, ऑलिव्हच्या बागांमधून डुलत जाते. बाबा म्हणाले, "पंढरपूरला निघाल्यासारखं वाटतंय." @सुटकेस२३ रविवारी ती गाडी नसते, बस असते. मातेरा ठेवच यादीत, रात्री राहा.

पणजीची_पोर

गाडी बोटीत घालतात ते कोणी लिहिलं नाही?? मी केवळ त्यासाठी सिसिलीला गेले. रोमहून सिसिलीची गाडी घेतली, व्हिला सान जोव्हान्नी आलं, गाडी थांबली, तुकडे केले आणि डबे सरळ बोटीच्या पोटात ढकलले. रूळ आहेत आत! आपण डब्यातून उतरून वर डेकवर जायचं. समोर सिसिलीचं मेस्सिना. जेमतेम तीन किलोमीटरची सामुद्रधुनी, पण जोडाजोडीत दीड-दोन तास जातात. शहाणी माणसं विमानाने जातात.

बाबांना फोन केला तर म्हणाले, त्यात काय, कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक गाडीवर घालतेय. म्हटलं बाबा, तुम्ही ट्रक गाडीवर घालता, हे गाडी बोटीवर घालतात. म्हणाले, मग बोट कशावर घालतात ते बघून ये.

मी_डोंबिवलीचा

बाबा 🙏🙏

अजिंक्यताऱ्याखाली

वाचत होतो, लिहीन की नको असं चाललं होतं. लिहितो.

माझे पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघेही मराठा पलटणीत. धाकटे दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते आलेच नाहीत. घरात एक तार होती, ती पुराच्या साली भिजली. मला ऑफिसने मिलानला पाठवलं तेव्हा आजी म्हणाली, जमलं तर बघून ये कुठं हाय ते.

बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी लाइन आहे, तिच्यावर फोर्ली. एक तासाच्या आतच. गावाबाहेर भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारक. सगळीकडची माणसं, पण मराठी आडनावं दिसली की पाय थांबतो. जाधव, शिंदे, मोरे. आमचं नाव सापडलं. मी सोबत काही नेलं नव्हतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की होती, ती ठेवली. वेडेपणा वाटेल.

फाएन्झाच्या अलीकडे गाडी सेनिओ नदी ओलांडते. एवढीशी नदी, लक्ष नसेल तर निघून जाते. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते ९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर झालेल्या लढाईतल्या पराक्रमासाठी. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, माणगावकडचे यशवंत घाडगे तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि पडले. मोन्तोने गावात त्यांच्या नावाने २०२३ साली सूर्यघड्याळ उभं केलंय, पण तिथं रेल्वे जात नाही. पुढच्या खेपेला.

सोलापुरी_चादर

वेडेपणा नाही रे. आजीला सांगितलंस ना?

अजिंक्यताऱ्याखाली

फोटो दाखवला. दोन दिवस उशाशी ठेवला होता मोबाइल. मला ऑफिसला न्यायचा होता, दिला नाही.

आलेपाक

😢 आम्ही त्याच लाइनने रिमिनीला गेलो होतो. गप्पा मारत.

तर्रीवाला_नागपूर

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, सांगून टाका न पोरीला. ज्या देशात जास्त रात्री, तिथंच अर्ज. सहा महिने आधीपासून करता येते, पण लोक शेवटच्या महिन्यात जाऊन बसतात अन् मग देवाचा धावा करतात. विमा किमान ३०,००० युरोचा लागते. माझा पासपोर्ट उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारी आला राजेहो, तोवर बायकोनं बॅग दोनदा भरून दोनदा रिकामी केली होती.

सुटकेस२३

सगळ्यांना धन्यवाद _/\_ सतराची आठ केली. फोर्ली टाकलं. तिकिटं मोबाइलवर काढली तरी ठसा लागतो का?

आडवाटेची_एसटी

ठसा नाही, पण रेजिओनालेच्या डिजिटल तिकिटाचं बसण्याआधी फोनवर चेक-इन करावं लागतं. २०२३ पासून आहे ते. विसरलीस तर काकांसारखी पावती मिळेल. वेगवान गाड्यांना यातलं काही नाही, तिथे गाडी आणि जागा ठरलेली असते.

आणि फलाट, म्हणजे बिनारियो, कधीकधी शेवटच्या दहा मिनिटांत बोर्डावर येतो. आकडा झळकला की सगळं स्टेशन पळतं. आपल्याला सवय आहे.

मी_डोंबिवलीचा

कल्याणला इंडिकेटर बदलतो तेव्हा पळतो तसंच. मी तर पहिला पोचलो होतो.

रुमाल_टाकला

काकू, महिनाभर खायला काय नेलं होतं?

सोलापुरी_चादर

कडक भाकरी आणि शेंगा चटणी, अजून काय! कडक भाकरी महिनाभर टिकते. दुधाचं काही नेऊ नका, पेढे-तूपसुद्धा, युरोपात चालत नाही. बोलोन्यातल्या घरमालकिणीला चटणी दिली तर तिने ती पास्त्यावर घातली. हे म्हणाले, हिला दंड कर.

आणि हे विचारताहेत ती पावती कुठे ठेवली. पुतणीच्या बॅगेत परत घालायची म्हणे, लाल शाईपेक्षा तिचा उपयोग होईल.

आलेपाक

काकू, चटणीत लसूण किती?

सोलापुरी_चादर

वाटीभर दाण्यांना सात-आठ पाकळ्या. मिक्सर नको, खलबत्त्यात कुट, तेल सुटेपर्यंत. सासूबाईंसाठी बिनलसणाची कर, जिरं जरा जास्त घाल.