पेशवाई बघायला निघालात, पणजी चालेल का?

मुळामुठा: पूर्वजांच्या आठवणी स्वतः जगता येतील असं मशीन निघालं तर पहिला नंबर माझा. हेल्मेट घालायचं की थेट शनिवारवाडा! कोण कोण येणार?

अनघा: कालपासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितेय. सगळ्यांना घोड्यावरचा खापरपणजोबाच हवा. खापरपणजी? आठव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी विधवा आणि समोर न्हावी, ते जगणार का अर्धा तास? माझ्या आजीचं नारायण पेठेतलं घर 61 मध्ये पानशेत धरण फुटलं त्या पुरात गेलं, मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिने तोंड मिटून जे सांभाळलं ते मी मशीन लावून उघडू?

पूरग्रस्त: उघडाच. कुणी बोललं नाही म्हणून 12 जुलै पेपरात दोन ओळींत संपतो. आम्हाला गोखलेनगरला दोन खोल्या मिळाल्या, त्या नावावर करायला वडिलांनी चकरा मारून चपला झिजवल्या. पानशेतने आमच्या तीन पिढ्या खाल्ल्या.

सुहास: पानशेत काय, गावात खरा लोंढा आला तो खडकवासला धरण फुटल्यावर.

पूरग्रस्त: आणि खडकवासला फुटलं कशाने? पानशेतचंच पाणी आलं ना त्यात? घरं आमची वाहून गेली, आम्हाला शिकवू नका.

सुहास: आवाज चढवू नका, ओंकारेश्वरापाशीच वाढलोय मी, आमच्याही घरात चिखल होता. मूळ मुद्दा असा की आठवण डीएनएत नसते. उंदरांवरच्या 2013 च्या त्या प्रयोगात वासाची भीती पुढच्या पिढीत दिसली, प्रसंग नाही. हेल्मेटमध्ये दिसेल ते कुणीतरी भरलेलं असेल.

भीमाकाठ: 1929 च्या पर्वती सत्याग्रहात, दलितांना पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून झाला त्यात, पणजोबांनी दगड खाल्ले असं घरात सांगतात. कुठे नाव नाही, फोटो नाही. तुमच्याकडे बखरी, वंशावळी. आमचं जे होतं ते त्यांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. मला हेल्मेट हवंय, आणि त्यांनी परवानगी दिलीच असती.

अनघा: दिलीच असती हे तुम्ही ठरवताय. पण ठीक आहे, ते चारचौघांत गेले होते, लोकांनी बघावं म्हणूनच गेले होते. माझ्या आजीचं तसं नाही. तुमच्यापुरतं मान्य, शनिवारवाड्याची सहल अजिबात मान्य नाही.

मुळामुठा: सहल म्हणालो नव्हतो मी. पण पणजीचा विचार आला नव्हता डोक्यात, हे खरंय. तिचं नावही माहीत नाही मला. आईला फोन लावतो.

पूरग्रस्त: अनघाताई, आजींचं घर नारायण पेठेत नेमकं कुठे होतं? आमचंही तिथंच होतं.