झोप, तास आणि नवले पुलाचा उतार

दोन महिन्यांपूर्वी पुणे-बेंगळुरू मार्गावर ट्रक चालवू लागलेल्या तरुणाने विचारले आहे की, दिवसाला किती तास चालवणे योग्य आणि मालक घाई करू लागल्यास काय करावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने जागा घेईपर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार मर्यादा दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची होती. लांब पल्ल्यासाठी सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती अनुक्रमे १० व ५४ पर्यंत वाढवता येत असे. प्रत्यक्षात माल चढवण्यासाठी ताटकळण्यात गेलेला दिवस कोणी मोजत नाही आणि खरे गाडी चालवणे रात्रीच सुरू होते, हे मी पहिल्याच फेरीत शिकलो. म्हणून माल भरेपर्यंत मोबाइल पाहत बसण्याऐवजी केबिनमध्ये झोपून घ्यावे. मला तरी ही सवय लागायला वर्ष गेले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार लागतो, आणि डिझेल वाचवण्यासाठी तिथे गाडी न्यूट्रल करण्याचा सल्ला देणारे जुने उस्ताद अजूनही भेटतात. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि नेमक्या गर्दीच्या ठिकाणी लागेनासे होतात. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) वापरावा. वाचलेल्या डिझेलचे पैसे, तसेही, बहुधा मालकाच्याच खिशात जातात.