मदत हवी आहे: बंद पडलेल्या मराठी अक्षरजुळणी सॉफ्टवेअरमधला १९९९ सालचा मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा?

नमस्कार.

कराडमध्ये माझा डीटीपीचा लहानसा व्यवसाय आहे. १९९७ सालापासून मी लग्नपत्रिका, शाळांची वार्षिके, पतसंस्थांचे अहवाल आणि अधूनमधून पुस्तके यांची अक्षरजुळणी करत आलो आहे. त्या काळी घेतलेल्या एका मराठी सॉफ्टवेअरवर माझे जवळजवळ सगळे जुने काम उभे आहे, आणि ते तयार करणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहणेच सोडून दिल्यामुळे मी आता अशा जागी अडलो आहे, की जाणकारांच्या मदतीवाचून पुढे जाता येणार नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नसून अडलेले काम मार्गी लावायचे आहे.

काम एका कुलवृत्तांताचे आहे. १९९९ साली मी एका घराण्याचा ५४४ पानांचा कुलवृत्तांत त्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर ६.५ या पाने मांडण्याच्या प्रोग्रामात जुळवला होता. आता कुलमंडळाला त्याची दुसरी आवृत्ती काढायची आहे. मंडळाचे चिटणीस, वय वर्षे ७८, स्वतः पहिल्या आवृत्तीची प्रत घेऊन माझ्याकडे आले. गेल्या पंचवीस वर्षांतले जन्म, विवाह आणि मृत्यू त्यांनी बारीक अक्षरांत चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पानाच्या समासात चिकटवले आहेत, आणि त्यामुळे ते पुस्तक फुगून दुप्पट जाड झाले आहे. पृष्ठ २१७ वर अशा चार चिठ्ठ्या आहेत. त्यांपैकी तीन नव्या नोंदींच्या आहेत आणि चौथीवर निळ्या शाईने एवढेच लिहिले आहे, की ‘येथील हयात हा शब्द काढावा’. खाली सही त्यांचीच आहे आणि नोंद त्यांच्या धाकट्या भावाची आहे. इतक्या निगुतीने केलेल्या कामाला ‘फाइल उघडत नाही’ असे उत्तर देणे माझ्याच्याने होत नाही.

ते मराठी सॉफ्टवेअर मी १९९८ मध्ये घेतले, तेव्हा त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जोडणीत एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लावल्याशिवाय ते चालत नसे. प्रिंटरची ती जोडणी नव्या यंत्रांवर मिळेनाशी झाल्यावर, २००७ मध्ये, मी पुन्हा पैसे भरून यूएसबीचा डोंगल घेतला. शेवटची सुधारित सीडी २०१० मध्ये आली आणि त्यानंतर काहीही आले नाही. शिवाय नव्या संगणकावर ते बसवताना पडद्यावर एक क्रमांक येतो, तो कंपनीला दूरध्वनीवरून वाचून दाखवायचा आणि त्यांनी उत्तरादाखल सांगितलेला क्रमांक भरायचा, अशी पद्धत होती. ती मला तेव्हाही खटकत असे, पण पलीकडे कोणीतरी उत्तर देत होते, तोवर काम निभावत होते. आता दूरध्वनी लागत नाही, विपत्रे परत येतात आणि ज्या विक्रेत्याकडून मी डोंगल घेतला त्याने हा धंदाच सोडला आहे.

गेल्या जुलैत माझ्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत आहे आणि तिच्यावरच्या सगळ्या फाइली मी दोन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत. नव्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि ती केवळ ६४ बिटांचीच असल्याने डोंगलचा ३२ बिटांचा ड्रायव्हर तिच्यावर बसत नाही. म्हणून मी आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात, ३२ बिटांची विंडोज ७ चालवून पाहिली. तेथे डोंगलचा हिरवा दिवा लागला आणि क्षणभर जीव भांड्यात पडला, पण लगेच क्रमांकाची ती चौकट समोर आली. जुन्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा आभासी यंत्रात चढवल्यावरही सॉफ्टवेअरने हा संगणक वेगळा असल्याचे ओळखले आणि पुन्हा तोच क्रमांक मागितला. म्हणजे पैसे भरलेले आहेत, सीडी आहे, डोंगल जिवंत आहे, आणि तरीही दार बंद आहे.

पेजमेकरविषयी माझी तक्रार नाही, हे येथे स्पष्ट करतो. ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, त्याची जागा घेणारे इनडिझाइन त्याआधीच बाजारात होते आणि जुन्या फाइली इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंत उघडत होत्या. ज्यांना स्थलांतर करायचे होते त्यांना वेळ आणि वाट दोन्ही मिळाली होती. माझी अडचण अक्षरांची आहे.

तरुण वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या मानकात, देवनागरीला स्वतःची जागा १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि आपल्याकडे त्याच वर्षी इस्की हे भारतीय मानकही ठरले होते. परंतु पेजमेकरला युनिकोड कधीच समजत नव्हते. त्यामुळे प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या २५६ जागांवर आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले. कोठे अर्धा ग, कोठे नुसता दंड (अक्षराची उभी रेघ), कोठे रफार, कोठे रफार आणि अनुस्वार एकत्र. फाइलमध्ये साठवले जातात ते इंग्रजी संकेत, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. कोणता संकेत म्हणजे कोणता तुकडा, याचा तक्ता कंपनीकडेच राहिला आणि आमच्यापैकी कोणीही तो मागून घेतला नाही, कारण त्याची कधी गरज पडेल असे वाटलेच नव्हते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे, महाजालावर मिळणारे तीन परिवर्तक मी वापरून पाहिले. ते त्याच कंपनीच्या नंतरच्या फॉन्टसाठी केलेले दिसतात, त्यामुळे साधारण ऐंशी टक्के मजकूर बरोबर येतो आणि उरलेला मजकूर सगळ्या पानांवर विखुरल्यासारखा चुकतो. ‘आर्थिक’चे ‘आथिर्क’ होते, ‘कार्तिक’चे ‘कातिर्क’ होते, आणि आमच्या गावाचे ‘कऱ्हाड’ हे रूप ‘कर्हाड’ होऊन येते. काही अर्धी अक्षरे तर कोणतीही खूण न ठेवता गळून पडतात. बातमीत अशी चूक वाचक समजून घेतो, परंतु कुलवृत्तांतात नावाखेरीज असते तरी काय? चार पिढ्यांत तेच नाव पुन्हा पुन्हा येते आणि एक अक्षर गळाले तर आजोबाचा नातू होतो.

एखाद्या कंपनीने मला आयुष्यभर फुकट सुधारणा द्याव्यात असे माझे म्हणणे नाही. धंदे बंद होतात, माणसे थकतात, हे मीही पाहतो. पण दुकान बंद करताना, विकलेले सॉफ्टवेअर कुलपाशिवाय चालेल अशी शेवटची आवृत्ती आणि अक्षरसंकेतांचा एक कागद गिऱ्हाइकाच्या हाती ठेवून जाणे अशक्य नव्हते. फॉन्ट त्यांचा होता हे मला मान्य आहे, परंतु त्या फॉन्टमध्ये लिहिलेली माणसे त्यांची नव्हती.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. १९९८ च्या सुमारास आलेल्या मराठी फॉन्टचा संकेततक्ता स्वतः तयार करण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी? पेजमेकरच्या फाइलींतून मजकूर क्रमाने आणि न गळता बाहेर काढण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? आणि यासाठी कोठे दाद मागता येते का? सगळी ५४४ पाने पुन्हा टंकलिखित करणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो मी अजून स्वीकारलेला नाही.

प्रतिसाद १

एका मासिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याच्या कामात मी दोन वर्षे होतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुम्हाला ते सॉफ्टवेअर मुळात लागणारच नाही. जुन्या डिस्कवरच्या फॉन्ट फोल्डरमध्ये त्या फॉन्टची टीटीएफ फाइल असेल तर ती फाँटफोर्ज या मोफत प्रोग्रामात उघडा. पहिल्या ३२ जागा नियंत्रणाच्या असतात, म्हणजे जास्तीत जास्त २२४ चौकोन उरतात. प्रत्येकात कोणता तुकडा आहे हे डोळ्यांनी पाहून कागदावर लिहा. दोन दिवसांचे काम आहे. तुम्ही डीटीपीवाले असल्यामुळे ते तुकडे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर ओळखू येतील.

मजकूर काढण्यासाठी लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम वापरा. २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून ते पेजमेकरच्या फाइली उघडते. मांडणी हलते, पण तुम्हाला मांडणी नव्याने करायचीच आहे. मजकूर उचलताना तो साध्या टिपणवहीत (नोटपॅडमध्ये) चिकटवून पुन्हा साठवू नका. तुमची गळालेली अर्धी अक्षरे बहुधा याच ठिकाणी गळाली आहेत, कारण काही तुकडे अशा जागांवर बसवलेले असतात, की नवे प्रोग्राम त्या जागांना अक्षर मानतच नाहीत.

खरी मेख बदलांच्या क्रमात आहे. आधी अर्धे अक्षर आणि दंड मिळून होणारी पूर्ण अक्षरे जुळवा, म्हणजे अर्धा ग आणि दंड यांचा ग. त्यानंतर उरलेली अर्धी अक्षरे घ्या. मग पहिली वेलांटी, जी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती संपूर्ण जोडाक्षराच्या नंतर न्या. रफार सर्वांत शेवटी घ्या आणि तो उचलून, ज्या अक्षरानंतर तो टंकलेला आहे त्या संपूर्ण अक्षराच्या, वेलांटीसकट, आधी आणून ठेवा. तुमच्या परिवर्तकाने वेलांटी हलवली आणि रफार जागच्या जागी ठेवला, म्हणून ‘आथिर्क’ झाले. ‘कऱ्हाड’मधल्या ऱ्याचा तुकडा रफारापेक्षा वेगळा असतो; त्याला तक्त्यात वेगळी ओळ द्या.

प्रतिसाद २

मी मुद्रितशोधनाचे काम करते. परिवर्तन कितीही चांगले झाले तरी त्यावर एकट्याने विसंबू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिल्या आवृत्तीची कोरी प्रत मिळाल्यास तिची पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त प्रोग्रामाने मराठी मजकूर वेगळा ओळखून घ्यावा आणि दोन्ही मजकूर संगणकाकडून ताडून पाहावेत. दोन्ही पद्धतींच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात, त्यामुळे जेथे दोन्ही जुळत नाहीत तेवढ्याच जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात. आकडे मात्र सगळेच तपासा, विशेषतः जेथे शके आणि इसवी सन शेजारी शेजारी आहेत तेथे. आणि चिटणीसकाकांना पडद्यावर वाचायला लावू नका, मोठ्या टायपात कागदावर प्रूफ काढून द्या.

प्रतिसाद ३

दाद मागण्याविषयी थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यात बसत नाही, परंतु स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली बसते, त्यामुळे तुमचा मुद्दा विचारण्याजोगा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून पाहा. पण कंपनीच उरलेली नसेल तर निकाल कोणावर बजावणार, हा प्रश्न राहतोच. फाँटफोर्जमध्ये डोळ्यांनी पाहून तक्ता करण्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही, म्हणून आधी तीच वाट धरा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवर सापडली. तक्ता करायला दोन नव्हे तर चार संध्याकाळ लागल्या, कारण अर्धा श तीन वेगवेगळ्या रूपांत तीन जागांवर निघाला. लिब्रेऑफिसमध्ये अठरापैकी सतरा फाइली उघडल्या. अठरावी, वंशावळीच्या आराखड्यांची, उघडत नाही. ती हाताने काढेन.

बदलांचा क्रम सांगितल्याप्रमाणे ठेवून काल रात्री पृष्ठ २१७ चालवून पाहिले. ‘कार्तिक’ बरोबर आला, ‘कऱ्हाड’ बरोबर आले, आणि छापील पानाशी ताडल्यावर संपूर्ण पृष्ठात दोनच चुका राहिल्या. चिटणीसकाकांना मोठ्या टायपात प्रूफ काढून दिले. त्यांनी आधी भावाची नोंद काढून वाचली आणि नंतर बाकीचे पान.

एक अडचण मात्र उरली आहे. शीर्षकांसाठी वापरलेल्या ठळक फॉन्टमध्ये चौदा जागा साध्या फॉन्टपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या तीन मला ओळखता येत नाहीत. एका जागेवर नुसता खालून वळलेला फाटा आहे, तो ‘द्य’चा की ‘ह्य’चा हे समजत नाही. त्या तिन्हींची चित्रे खाली जोडत आहे. त्या काळातल्या फॉन्टवर ज्यांनी हात चालवला आहे त्यांनी कृपया पाहावीत. साध्या फॉन्टचा पूर्ण तक्ताही सोबत देत आहे. तो ज्याला हवा त्याने घ्यावा.